हिटर अन् कवेलू

प्रश्न : वर्धा जिल्ह्यात आमचं कवेलूचं (कौलारू) घर. सासूबाईंसाठी २००० वॅटचा हिटर घेतला, रात्री चार तास चालतो. बिल पाहून घरात कटकट. काय करू?

उत्तर : ताई, तासाला २ युनिट, रात्रीचे ८, महिन्याचे २४०! शिवाय १०० युनिटच्या वर दरही चढतो. अन् कवेलूच्या फटींतून ऊब निघून जाते; तुम्ही आभाळ तापवताय. मी मायच्या खाटेवर जुन्या लुगड्यांचं छत बांधलं, गोधडी अंगाखालीही घातली (गारवा खालूनच झोंबतो), पायाशी गरम पाण्याची पिशवी. हिटर निजण्याआधी अर्धा तास, खाटेपासून दूर. आंघोळीचं पाणी अंगणात पऱ्हाटीवर (कापसाच्या वाळल्या काड्यांवर) तापवा. पण निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत मुळीच नको. तिच्या विषारी वायूला वास नसतो, माणूस झोपेतच जातो.