चालू असलेली प्रक्रिया आकडेवारीच्या आधारे सुधारायची, तर सुरुवात कुठून करावी?

मोजण्यापासून करा. डिफाइन, मेजर, अ‍ॅनालाइज, इम्प्रूव्ह, कंट्रोल (प्रश्न ठरवणं, मोजणं, विश्लेषण, सुधारणा, नियंत्रण) हे पाच टप्पे म्हणजे १९८६ मध्ये मोटोरोला कंपनीत सुरू झालेल्या, कामातले दोष कमी करणाऱ्या सिक्स सिग्मा पद्धतीचा कणा. त्यातला दुसरा, मोजण्याचा टप्पाच बहुतेक जण घाईत उरकतात.

समजा, ऑर्डर उशिरा जातात अशी तक्रार आहे. उशीर कधीपासून धरायचा? ऑर्डर आल्यापासून की पैसे जमा झाल्यापासून? दोन माणसं दोन वेळा धरत असतील तर पुढचं सगळं विश्लेषण वाया जातं. हे आधी लिहून ठरवा. शिवाय नुसत्या सरासरीवर जाऊ नका. सरासरी ३ दिवस असली तरी काही ऑर्डरना ९ दिवस लागत असतील, तर ग्राहक त्या ९ दिवसांवरच चिडलेला असतो. खरी कारणं या चढउतारात सापडतात. कुठल्या वारी, कुठल्या टप्प्यावर, कोणत्या प्रकारच्या ऑर्डर अडकतात ते वेगवेगळं मांडून बघा.

उपाय आधी लहान प्रमाणावर करून पाहा. आणि कंट्रोल चार्ट (मोजमाप नेहमीच्या मर्यादेत राहतंय का ते दाखवणारा आलेख) रोज बघणारा एक माणूस नेमा, नाहीतर काही महिन्यांत सगळं पूर्वपदावर येतं.