दादरचा पूल उतरताना वाटीमागे दुखतं

प्रश्न : ताई, मी ४२ वर्षांची. मुलुंडला राहते, प्रभादेवीला बँकेत नोकरी. फेब्रुवारीत धावायला लागले. पाच किलोमीटर सहज जमू लागल्यावर मैत्रिणींबरोबर जानेवारीच्या हाफ मॅरेथॉनचं ठरवलं आणि जूनमध्ये तीन आठवड्यांत बारा किलोमीटरपर्यंत गेले. आता उजव्या गुडघ्याच्या वाटीमागे दुखतं. सकाळी दादरचा पूल उतरताना जास्त. संध्याकाळी गाडीत बसायला मिळालं, तर मुलुंडला उठताना गुडघा आखडलेला असतो. सूज नाही, एक्स-रे चांगला आहे. एमआरआयमध्ये मात्र वाटीमागची कूर्चा, म्हणजे हाडावरचं गुळगुळीत आवरण, मऊ झाल्याचं, ग्रेड दोन, असं लिहिलंय. ज्यांना दाखवलं ते म्हणाले, धावणं कायमचं बंद, जिने टाळा, मांडी घालून बसू नका. पुढच्या महिन्यात गणपती आहेत. खरंच सगळं सोडू का?

उत्तर : सोडू नका. कमी करा, आणि मांडीला बळ द्या. एवढं ठामपणे सांगतेय, कारण तुमच्या पत्रात हवी ती सगळी माहिती आहे.

उतरताना दुखणं आणि बराच वेळ गुडघा वाकवून बसल्यावर उठताना दुखणं, या दोन खुणा वाटीमागच्या दुखण्याच्या. जिना उतरताना वाटी मांडीच्या हाडावर शरीराच्या वजनाच्या साधारण तिप्पट जोराने दाबली जाते. निरोगी गुडघा हे रोज सोसतो. तुमच्या गुडघ्याला पाच किलोमीटरची सवय होती आणि तीन आठवड्यांत त्याच्याकडून दुपटीहून जास्त काम मागितलं गेलं. श्वास आणि हृदय लवकर तयार होतात, म्हणून आपल्याला वाटतं जमतंय. स्नायू, स्नायूबंध, हाडं मागे राहतात. माझ्याकडे फिजिओथेरपीला येणाऱ्या धावणाऱ्यांपैकी बहुतेकांची हीच गोष्ट असते, फक्त किलोमीटरचे आकडे वेगळे.

एमआरआयच्या त्या ओळीने तुम्ही घाबरलात, हे अक्षरावरूनही कळतं. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅममध्ये पन्नाशी ओलांडलेल्या आणि एक्स-रेमध्ये झीज नसलेल्या सातशेहून अधिक लोकांचे एमआरआय काढले होते. २०१२ साली ते निष्कर्ष छापून आले. दहातल्या जवळपास नऊ जणांच्या गुडघ्यात काही ना काही दोष आढळला, आणि ज्यांचे गुडघे दुखत नव्हते त्यांच्यातही प्रमाण जवळजवळ तेवढंच होतं. तुमची कूर्चा मऊ झाली असेलही. पण दुखण्याचं कारण तीच आहे, असं त्या कागदावरून ठरत नाही.

धावल्याने गुडघे झिजतात, ही भीतीही इथेच बाजूला ठेवूया. २०१७ मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. हौसेने धावणाऱ्यांत खुब्याची किंवा गुडघ्याची झीज सुमारे साडेतीन टक्के लोकांना होती, बैठं आयुष्य जगणाऱ्यांत दहा टक्क्यांना. स्पर्धेसाठी वर्षानुवर्षं धावणाऱ्यांत मात्र ती तेराच्या घरात होती. तुम्ही पहिल्या गटातल्या.

‘जिने टाळा’ हा सल्ला वाचला की मला माझी आई आठवते. गिरगावात चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर आमचं बिऱ्हाड, लिफ्ट नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी तिला कुणीतरी सांगितलं, गुडघे झिजलेत, जिने चढू नका. तिने ते अक्षरशः पाळलं. आधी भाजीला जाणं थांबलं, मग देवळात, मग हळदीकुंकवाला. वर्षभरात मांड्या इतक्या बारीक झाल्या की पलंगावरून उठायला हात द्यावा लागे. मी तेव्हा फिजिओथेरपीच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि गप्प बसले. आज कुणालाही ‘बंद करा’ म्हणण्याआधी मी विचारते, बंद केल्यावर हा माणूस दिवसभर काय करणार?

तर आता काय करायचं ते. धावणं एक दिवसाआड, तीन किलोमीटर, सपाट रस्त्यावर. दुखणं शून्य ते दहामध्ये मोजा. तीनपर्यंत चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा आदल्या दिवसासारखाच हवा. तो जास्त कुरकुरला तर पुढची धाव लहान करा. दोन आठवडे शांत गेले की थोडं थोडं वाढवा, पण अंतर आणि वेग एकाच आठवड्यात वाढवू नका. एका मिनिटात पावलं किती पडतात तेही मोजा. १६० असतील तर १६८ करून पाहा. पाऊल आखूड पडतं आणि वाटीवरचा दाब उतरतो. घरबसल्या करता येणाऱ्या उपायांत मला हा फार आवडतो, कारण अनेकांना पहिल्याच दिवशी फरक जाणवतो.

खरा इलाज मात्र व्यायाम. आठवड्यातून तीनदा. भिंतीला पाठ टेकून, खुर्चीत बसल्यासारखं, दुखणार नाही इतकंच खाली सरकायचं आणि तीस-चाळीस सेकंद थांबायचं, पाच वेळा. मग जेवायचा पाट घ्या, पक्का, न डगमगणारा. त्यावर उजव्या पायावर उभं राहून डावी टाच हळूहळू जमिनीला टेकवायची आणि वर यायचं. आरशासमोर करा, गुडघा आत, अंगठ्याच्या दिशेला झुकू देऊ नका. तो झुकत असेल तर कुल्ल्याचे स्नायू कमी पडताहेत. त्यासाठी कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलायचा. दहा-बारा वेळा, तीन फेऱ्या. शेवटचे दोन जड गेले पाहिजेत, नाहीतर पायाला वजन बांधा. फरक दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. तिसऱ्या आठवड्यात ‘काहीच होत नाही’ म्हणून सोडणारे फार असतात, तुम्ही सोडू नका.

तेलाचं मालीश, नी-कॅप यांनी बरं वाटत असेल तर जरूर करा, पण पाटावरचा व्यायाम चुकवून नको. धावण्याआधी वेदनाशामक गोळी मुळीच घेऊ नका. त्याने दुखणं झाकलं जातं, आणि घामाने शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना मूत्रपिंडालाही त्रास होऊ शकतो.

पंगतीला मांडी घालून बसा, दर दहा मिनिटांनी पाय लांब करा. जानेवारीचं ऑक्टोबरअखेर ठरवू. तोवर दहा किलोमीटर विनातक्रार जमले, तर हाफ मॅरेथॉनसाठी माहीमहून निघायला माझी हरकत नसेल.

प्रश्न : मॅडम, मी १९ वर्षांचा, लालबागला कबड्डी खेळतो. पंधरा दिवसांपूर्वी रेड टाकताना वळलो आणि गुडघ्यात ‘कट्’ आवाज झाला. तासाभरात गुडघा टम्म सुजला. आता सूज उतरलीय, सरळ चालता येतं, पण वळलो की गुडघा सटकतो. हाडवैद्याने लचक म्हणून बांधून दिलं. दिवाळीनंतर स्पर्धा आहे. कुठले व्यायाम करू?

उत्तर : तुला मी इथून व्यायाम सांगणार नाही. आवाज, लगेच आलेली सूज आणि वळताना सटकणं, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की गुडघ्याच्या आतला पुढचा अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारा पट्टा, ज्याला सगळे एसीएल म्हणतात, तो तुटल्याची दाट शंका येते. कबड्डीत ही इजा पुष्कळ होते. याच आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा. पालिकेच्या केईएम रुग्णालयाची ओपीडी तुला परळला चालत जाण्याइतकी जवळ आहे. वरच्या ताईंचा एमआरआय घाईचा होता, तुझा गरजेचा आहे.

शस्त्रक्रिया लागेल की नाही, ते तपासणीनंतर ठरेल. लागली तर परत मैदानात उतरायला किमान नऊ महिने धर. त्याआधी उतरलेल्यांचा गुडघा पुन्हा जाण्याचा धोका बराच जास्त असतो. म्हणजे यंदाची स्पर्धा नाही, आणि तुझ्या वयात हे ऐकणं किती जड जातं ते मी पाहिलंय. पण सटकणाऱ्या गुडघ्यावर खेळलास तर आतली गादीही फाटते, आणि ती पुन्हा पहिल्यासारखी होईलच असं नाही. तपासणी होईपर्यंत मॅटवर पाय ठेवू नकोस, ‘फक्त एक रेड’ म्हणूनही नाही.