वडिलांना अर्धांगवायू झालाय. नाकातल्या नळीतून जेवण दिल्यावर त्यांना लगेच झोपवलं तर चालेल का?

नाही, जेवण दिल्यावर निदान अर्धा तास, जमलं तर तासभर, त्यांना आडवं करू नका. अंग ३० ते ४५ अंश उंच राहू द्या. नुसती मानेखाली उशी पुरत नाही, कंबरेपासून वरचं अंग उचललेलं हवं. नळी आत असल्याने जठराच्या तोंडाशी असलेली झडप नीट मिटत नाही. रुग्ण आडवा झाला की पातळ अन्न वर येतं, श्वासनलिकेत उतरतं आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. अर्धांगवायूत पुष्कळदा ठसकाही लागत नाही, त्यामुळे घरच्यांना काही कळतच नाही. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला हे शिकवतात आणि वॉर्डात आम्ही रोज पाळतो.

देताना एवढं बघा:

- नाकपुडीपाशी नळीवर केलेली खूण जागेवर आहे ना? सरकली असेल तर काहीही देऊ नका, नळी स्वतः आत ढकलू नका, नर्स किंवा डॉक्टरांना बोलवा.
- सिरिंजचा दांडा काढून टाका, अन्न आपसूक उतरू द्या. दाबून घालू नका.
- आधी आणि नंतर साधारण ३० मिली पाणी सोडा, नाहीतर नळी तुंबते.

मात्र मणक्याला मार असेल किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर किती उंच करायचं हे आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा.