न्यू जर्सीहून यलोस्टोनला आरव्हीने, सोबत आई-बाबा आणि मुलं: १७ दिवसांत जमेल का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: एडिसनहून भाड्याची आरव्ही (आत झोपायची, स्वयंपाकाची आणि संडासाची सोय असलेली मोठी गाडी) घेऊन निघायचं, सोबत भारतातून आलेले आई-बाबा आणि दोन मुलं, रजा १७ दिवसांची, यलोस्टोन नॅशनल पार्क बघून त्याच गाडीने घरी परतायचं.

जाऊन-येऊन जमणार नाही. एका बाजूने मात्र नक्की जमेल. आरव्हीने जा, गाडी तिकडेच सोडा आणि विमानाने या. दोन वर्षांपूर्वी जूनअखेरीस आम्ही सहाजण असेच गेलो होतो: मी, नवरा, दोन मुलं आणि वाईहून आलेले सासू-सासरे. त्यामुळे जे सांगते ते अनुभवाचं आहे.

आधी मैलांचा हिशोब करा, बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. एडिसन ते यलोस्टोन सुमारे २,२०० मैल. कारने माणसं दिवसाला सहाशे मैल मारतात, आरव्हीने ते करू नका. जीपीएस साडेपाच तास म्हणाला की तुम्ही सात धरा. आरव्हीवाल्या लोकांत ३-३-३ असा एक नियम सांगतात: दिवसाला ३०० मैलांहून जास्त नाही, दुपारी ३ पर्यंत मुक्कामाला, आणि एका जागी ३ रात्री. शेवटचा भाग इतक्या लांबच्या वाटेवर पाळता येत नाही, पण पहिले दोन पाळाच. म्हणजे जायलाच सात-साडेसात दिवस लागतात. यायला तेवढेच. १७ मधून १५ गेले, उरले दोन. दोन दिवसांच्या पार्कसाठी पंधरा दिवस पट्टा लावून बसायचं, हे आई-बाबांना सोसणार नाही.

आम्ही पहिल्याच दिवशी ही चूक केली. उत्साहात ५०० मैल ओढले आणि ओहायोतल्या कॅम्पग्राउंडवर रात्री दहाला पोचलो. अनोळखी जागा, अंधार, २८ फुटांची गाडी रिव्हर्स घ्यायची. मागचा कोपरा लाकडी खांबाला घासला आणि डिपॉझिटमधून बरेच पैसे गेले. पैशांचं एक वेळ सोडा, पण सासूबाईंची कंबर धरली ती पुढचे दोन दिवस सुटली नाही. त्यानंतर आम्ही एकदाही ३३० मैलांच्या वर गेलो नाही आणि रोज उजेडात पोचलो. गाडी रिव्हर्स घेताना एकाने खाली उतरून मागे उभं राहायचं, हेही तेव्हापासूनच.

रस्ता सोपा आहे. आय-८० हा हायवे धरा. पेनसिल्व्हेनियातच ती तीनशे मैलांच्या वर आहे, म्हणजे पहिला दिवस तिथेच संपतो. पुढे ओहायो, इंडियाना. शिकागोच्या आत शिरू नका, आय-८० वरूनच शहराच्या दक्षिणेकडून पुढे जा, लासालजवळ आय-३९ घेऊन वर रॉकफर्डला या आणि तिथून आय-९० पकडा. थोडे मैल वाढतील, पण ट्रकांच्या गर्दीत सारख्या लेन बदलाव्या लागणार नाहीत. मग विस्कॉन्सिन, मिनेसोटा, साउथ डकोटा. मिनेसोटापासून पुढे वारा फार. आडवा वारा सुटला की ही उंच पेटी अक्षरशः ढकलली जाते. अशा वेळी वेग ५५ वर आणा, तरी हात दुखायला लागले तर सरळ थांबा.

साउथ डकोटात बॅडलँड्ससाठी पूर्ण एक दिवस ठेवा. आय-९० च्या १३१ नंबरच्या एक्झिटला उतरून वॉलला ११० नंबरवर पुन्हा हायवेला लागायचं, मधला रस्ता सगळा पार्कातून जातो. आई-बाबांना चालावं लागत नाही, गाडी जागोजागी उभी करून बघता येतं.

वायोमिंगमध्ये बफेलो गावापासून कोडीकडे जाताना बिगहॉर्न डोंगर ओलांडावा लागतो. तीन वाटा आहेत. त्यातली यूएस-१४-ए टाळा, तिचा उतार फार तीव्र आहे. आम्ही यूएस-१६ ने गेलो. तिच्यावरची पावडर रिव्हर खिंड ९,६६६ फुटांवर आहे आणि पलीकडे टेन स्लीप कॅन्यनचा लांबलचक उतार. सासऱ्यांनी आयुष्यभर पसरणी घाटात गाडी चालवलेली. ते मागून म्हणाले, ‘ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर, ब्रेकवर पाय ठेवून बसू नकोस.’ तेच बरोबर आहे. गिअरच्या दांड्याच्या टोकाला टो-हॉलचं बटण असतं, ते दाबलं की उताराला गाडी स्वतःच खालच्या गिअरमध्ये राहते. गाडी ताब्यात घेतानाच हे बटण विचारून घ्या. टायरवर DOT या अक्षरांनंतरच्या आकड्यांत शेवटचे चार बघा, त्यातले पहिले दोन टायर बनल्याचा आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष सांगतात. सहा-सात वर्षांचे टायर असतील तर बदलून मागा, संकोच करू नका.

खर्चात लोक पेट्रोल विसरतात. क्लास सी आरव्ही (आमच्यासारखी मधल्या आकाराची) गॅलनला ८ ते १० मैल देते. ९ धरले तर एका बाजूला जवळपास २४५ गॅलन, साडेतीन डॉलरच्या भावाने साडेआठशे डॉलर. शिवाय टोल, मैलांचा आकार, जनरेटरचे तासाचे पैसे आणि गाडी दुसऱ्या शहरात सोडायचं शुल्क. हे शेवटचं शहरागणिक खूप बदलतं, म्हणून सॉल्ट लेक सिटी आणि डेनव्हर दोन्हीचा भाव काढा. आणि २०२६ पासून अमेरिकेबाहेरच्या पाहुण्यांना यलोस्टोनसह ११ पार्कांत नेहमीच्या शुल्कावर माणशी १०० डॉलर जादा लागतात. वार्षिक पास इथल्या रहिवाशांना ८० डॉलरला, बाहेरच्यांना २५० ला. आई-बाबांसाठी ही रक्कम आधीच धरून ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं: पार्कातली जागा. यलोस्टोनमध्ये वीज, पाणी आणि सांडपाणी तिन्हीची जोडणी असलेलं कॅम्पग्राउंड एकच, फिशिंग ब्रिज. तिथे अस्वलं फिरतात म्हणून तंबू चालत नाहीत, फक्त टणक भिंतींच्या गाड्या. उन्हाळ्याच्या जागा वर्षभर आधी भरतात. तारखा ठरवून मग जागा शोधू नका. तिथली जागा ज्या तारखांना मिळेल त्यावरून मागे मोजत घरून निघायची तारीख काढा. नाहीच मिळाली तर कोडी, गार्डिनर किंवा वेस्ट यलोस्टोन गावात खाजगी जागा बघा. पार्कात रस्त्याकडेला गाडी लावून झोपता येत नाही.

पाण्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण आपल्या घरच्या सवयींचा संबंध इथे येतो. आमच्या गाडीचा गीझर ६ गॅलनचा होता, म्हणजे साधारण एक मोठी बादली. शॉवर सोडून उभं राहिलं की तिसऱ्या माणसाला गार पाणी. आम्ही प्लास्टिकची छोटी बादली आणि तांब्या घेतला आणि प्रश्न मिटला. सांडपाण्याच्या टाक्या दोन: अंघोळ-भांड्यांची वेगळी, संडासाची वेगळी. जोडणी असली तरी संडासाच्या टाकीची झडप उघडी ठेवू नका, पाणी वाहून जातं आणि घट्ट मल आत साचून बसतो. टाकी दोन तृतीयांश भरली की आधी ती सोडायची, मग अंघोळीची, म्हणजे नळी आपोआप धुतली जाते. हातमोजे घ्या. हे काम एकाकडेच ठेवा, आमच्याकडे नवऱ्याने केलं.

कुकर न्याच. यलोस्टोन लेक ७,७३३ फुटांवर आहे, तिथे पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळतं आणि उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभर ठेवली तरी शिजत नाही. ३० अँपियरच्या जोडणीवर एसी, मायक्रोवेव्ह आणि इंडक्शन एकदम लावले तर वीज जाते, म्हणून गॅसच वापरा. भांडी, खरकटं, तेलाची बाटली, काहीही बाहेरच्या टेबलावर ठेवू नका. वासाने अस्वल येतं, आणि माणसाच्या अन्नाला चटावलेल्या अस्वलाला शेवटी मारावंही लागतं. मुलांना हे निघण्याआधीच समजावून सांगा. अस्वल-लांडग्यापासून १०० यार्ड, बायसनपासून (इथला रानगवा) २५ यार्ड लांब. बायसन शांत दिसतो पण माणसापेक्षा कितीतरी जोरात पळतो.

उंचीमुळे पहिल्या दिवशी आई-बाबांना धाप लागेल. कोडीत, पाच हजार फुटांवर, एक रात्र थांबून वर गेलात तर शरीराला वेळ मिळतो. रक्तदाबाची औषधं आणि डॉक्टरांचा सल्ला निघण्याआधीच घ्या. पार्कात बऱ्याच ठिकाणी मोबाइलला रेंज नसते, नकाशे उतरवून ठेवा.

आत पार्किंगची अडचण मोठी आहे. ओल्ड फेथफुल या गरम पाण्याच्या कारंज्यापाशी आरव्हीला जागा मिळते, तिथल्या लाकडी वाटा बऱ्याच सपाट आहेत आणि साधारण दीड तासाने फवारा उडतोच, तेव्हा आई-बाबा बाकावर बसून बघू शकतात. ग्रँड प्रिझमॅटिक या रंगीत गरम पाण्याच्या कुंडाला मात्र सकाळी आठच्या आत पोचा. मॅमथची अप्पर टेरेस आणि फायरहोल कॅन्यन या रस्त्यांवर आरव्हीला बंदी आहे.

फिशिंग ब्रिजहून हेडन व्हॅली जवळ आहे. पहाटे साडेपाचला, मुलं झोपेत असतानाच वायर-नळ्या काढून निघालो होतो. रस्त्याकडेच्या थांब्यावर गाडी लावली, मी आत आल्याचा चहा टाकला. बाहेर धुक्यात नदीकाठी बायसनचा कळप, लालसर पिल्लं आयांना चिकटून चाललेली. सासूबाई खिडकीशी कप धरून बसल्या होत्या, चहा निवून गेला तरी त्यांचं लक्ष नव्हतं. तासाभराने पुढे निघू या म्हटलं तर म्हणाल्या, ‘थांब की अजून थोडं.’ आम्ही नऊपर्यंत तिथेच होतो.