वाचकांचे प्रश्न : इतके कोसळूनही तो वाचला कसा?

प्रश्न : १९९८ च्या नागानो हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्कीइंग करताना हर्मन मायर भीषण कोसळला आणि तरीही काही दिवसांतच त्याने सुवर्णपदक जिंकले, हे खरे आहे का?

उत्तर : होय. १३ फेब्रुवारी रोजी हाकुबा येथील डाउनहिल (तीव्र उतारावरून भरवेगाने खाली येण्याच्या) शर्यतीत एका वळणावर या ऑस्ट्रियन खेळाडूचा तोल गेला. तो हवेत आडवा फेकला गेला, डोक्या-खांद्यावर आदळला आणि संरक्षक जाळ्यांचे दोन अडसर तोडून पलीकडच्या भुसभुशीत बर्फात जाऊन थांबला. खांदा व गुडघा दुखावले, एवढ्यावरच निभावले. पूर्वी गवंडीकाम केलेल्या या गड्याचे शरीर दणकट होते खरे, पण श्रेय केवळ त्याला देणे योग्य नव्हे. अशा पडण्यात वेग एका क्षणात शून्यावर आला तर हाडे मोडतात. उतारावरची घसरण, ताणून फाटणारी जाळी आणि मऊ बर्फ यांमुळे तोच वेग टप्प्याटप्प्याने कमी होतो. शिवाय ठरावीक जोर पडताच बुटापासून स्की सुटावी, अशी तिच्या बंधाची रचना असते. स्की अडकून राहिली, तर लांब पट्टीच्या तरफेने गुडघा पिळवटून निघतो. मायरने १६ फेब्रुवारीला सुपर-जी आणि १९ ला जायंट स्लालम या दोन स्की शर्यती (दोन्हींत रोवलेल्या खुणांमधून वळणे घेत उतरायचे असते) जिंकल्या.