विंडोज 11 चालेल का? आधी एवढं बघ

घाबरू नकोस, पाच मिनिटांचं काम आहे. मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' हे मोफत ॲप टाक आणि 'चेक नाऊ' दाब. काय अडतंय ते तेच सांगेल.

नवखे हमखास फसतात ते प्रोसेसरवर. "माझा तर आय7 आहे!" असू दे, पिढी कुठली? इंटेलचा किमान आठव्या पिढीचा लागतो. आय5-8250यू मध्ये डॅशनंतरचा 8 म्हणजे आठवी, आणि 10210यू असेल तर दहावी. माझा आय7-6700 बाद झाला, बहिणीचा साधा आय3-8100 पास!

दुसरी गल्लत टीपीएमची, म्हणजे मशीनमधल्या सुरक्षेच्या सोयीची: 'टीपीएम 2.0 नाही' दिसलं की लोक थेट नवीन मशीन बघायला लागतात. बऱ्याचदा ते बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) नुसतं बंद असतं. इंटेलवर 'पीटीटी', एएमडीवर 'एफटीपीएम' या नावाने शोध, चालू कर, पुन्हा तपास.

बाकी:
- रॅम 4 जीबी (कागदावर; 8 असेल तरच मजा)
- डिस्क 64 जीबी

तपासणी टाळून जबरदस्तीने टाकायच्या युक्त्या सध्या विसर. आणि अपग्रेडआधी बॅकअप घे, 'नंतर घेतो' म्हणू नकोस. काय अडलं तर ॲपचा मेसेज जसाच्या तसा कळव.