एसओपी परत लिही, नाटकाला हात लावू नकोस

अगं,

तुझं परदेशी राहून नाटकावर काम करायच्या रेसिडेन्सीसाठीचं अ‍ॅप्लिकेशन काल रात्रीच वाचलं, पण रात्री उत्तर लिहिलं असतं तर उगाच तिखट झालं असतं म्हणून आज लिहितोय. नाटकाची नमुना पानं झकास आहेत, त्यातला एक शब्द बदलू नकोस. गडबड आहे ती एसओपीत, म्हणजे 'मला का यायचंय' हे सांगणाऱ्या स्टेटमेंट ऑफ पर्पजमध्ये. दुष्काळ, जात, बाईचं दुःख, तमाशा, सगळं एका परिच्छेदात कोंबलंयस, आणि नाटक कशाचं आहे तर दोन बहिणींचं आणि एका सोसायटी मीटिंगचं! तिकडच्यांना आपल्याकडून काय हवं असेल याचा अंदाज बांधून लिहिलंयस ना? सगळे तेच करतात, मीही केलं होतं.

लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरने १९८९ मध्ये बाहेरच्या देशांतल्या नाटककारांना बोलवायला सुरुवात केली. चेन्नईची नाटककार अनुपमा चंद्रशेखर २००० साली तिथे गेली आणि २००७ मध्ये तिचं 'फ्री आउटगोइंग' त्याच थिएटरात झालं. त्यात काय आहे, तर एका साध्या मध्यमवर्गीय घरातल्या शाळकरी मुलीची क्लिप मोबाइलवर फिरते आणि आई दार लावून घेते. ती मुलगी स्टेजवर येतच नाही. ना हत्ती, ना साधू. तुझी सोसायटी मीटिंग चालेल, बिनधास्त चालेल.

आता माझी फजिती ऐक. बऱ्याच वर्षांपूर्वी मी अशाच एका ठिकाणी महिनाभर होतो, नाव नको. नाटकात एक बाई आहे, ती नवऱ्याला जन्मभर 'अहो', 'तुम्ही' करते आणि शेवटच्या सीनमध्ये एकदाच म्हणते, 'तू जा.' आपल्याकडे वाचनाला त्या जागी लोक गप्प व्हायचे. तिथे इंग्रजी वाचन झालं, नटी चांगली होती, तिने ती ओळ म्हटली आणि सरळ पुढचं पान उलटलं. इंग्रजीत दोन्हीला 'यू'च, तिला बिचारीला कळणार कसं! रात्रभर झोप नाही. दुसऱ्या दिवशी अनुवादकाने विचारलं, ही बाई त्याला एरवी हाक कशी मारते? मी म्हटलं, मारतच नाही, नाव घेत नाहीत आमच्याकडे. तो म्हणाला, मग इथे घेऊ दे. घेतलं. ती नटी नावापाशी आपोआप थांबली. पुढच्या पानावर हात ठेवलेला, पण उलटलं नाही तिने, तो हात मला अजून दिसतो.

इथवर ठीक होतं, घोळ पुढे झाला. रोज कुणीतरी विचारायचं, हे व्रत कसलं, वहिनी म्हणजे नक्की कोण, आणि मी उत्तरं द्यायच्या ऐवजी ती मूळ मराठी ड्राफ्टमध्येच घालत गेलो. परत आल्यावर पुण्यात तालमीला बसलो तर एक पोरगा नट मध्येच थांबून म्हणाला, 'सर, हे ती कुणाला सांगतेय? घरात सगळ्यांना माहितीये की.' चार पानं कापली. तेव्हा विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं तोंडी दे, वहीत लिही, अनुवादकाला मेल कर, पण पात्रांच्या तोंडी घालू नकोस.

अनुवादकाचं म्हणशील तर अर्ज करताना एकच बघ, तो तालमीच्या खोलीत असणार आहे का. न्यू यॉर्कच्या लार्क या नाट्यसंस्थेने २००६ पासून मेक्सिकोच्या नाटककारांसाठी एक एक्स्चेंज चालवलं होतं, त्यात लेखक, अनुवादक आणि नट एकत्र बसून अनुवाद घडवायचे. २०२१ मध्ये लार्कच बंद झालं, हळहळ वाटते, पण पद्धत शिकण्यासारखी आहे. अमेरिकेतल्या आयोवाच्या इंटरनॅशनल रायटिंग प्रोग्रॅमचं तू विचारलं होतंस, तो १९६७ पासूनचा, आपले दिलीप चित्रे तिथे होते, पण तिथे कवी, कादंबरीकार सगळेच असतात. तुला आत्ता नट हवेत, म्हणून माझं मत नाही.

आणि परदेशी गेलं तरच देवाणघेवाण होते असं नाही गं. बर्लिनचं ग्रिप्स, म्हणजे तिथलं मुलांचं थिएटर, १९८६ मध्ये मोहन आगाशेंनी पुण्यात आणलं तेव्हा जर्मन पोरांची भांडणं इथल्या पोरांची करून टाकली आणि इथल्या पोरांना ती आपलीच वाटली. कधी वेळ मिळाला तर त्या टीममधल्या कुणाशी तरी बोल.

पैशांचं पटकन सांगतो. 'प्रवासखर्च मिळेल' म्हणजे बऱ्याचदा तिकीट आधी तू काढायचं आणि पैसे नंतर मिळणार, हे आधीच विचारून घे, लाजू नकोस. व्हिसाची फी कोण भरणार तेही विचार. आणि करारात अनुवादाचे हक्क, पहिल्या प्रयोगाचे हक्क असं काही दिसलं तर सही करायच्या आधी मला फोटो पाठव, रात्री बारा वाजता पाठवलास तरी चालेल.

एसओपी गुरुवारपर्यंत दे. एक पान पुरे. मोठी बहीण मेंटेनन्सची पावती फाडते ना, तिथून सुरू कर. आणि 'सिंकिंग फंड'ला इंग्रजीत काय म्हणतात ते शोधत बसलीयेस असं ऐकलं, अगं बाई, ते इंग्रजीच आहे.